गाईला विचारायचं कसं?

अण्णांचं म्हणणं असं की, जनावराला काय हवं-नको ते ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला कळतं आणि ज्याला कळत नाही त्याची दावण लवकरच रिकामी होते. त्यासाठी पदवी लागत नाही. लागलीच, तर ती समुद्रापलीकडून आणावी लागत नाही. अण्णा माझे थोरले बंधू. पशुधन विकास अधिकारी म्हणून उभी नोकरी त्यांनी दुष्काळी पट्ट्यात काढली. निवृत्त झाले तरी फलटण तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाची गाय अडली की, रात्री-अपरात्री दार त्यांचंच वाजतं.

समोरची बाजू माझ्या मुलीची. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून ती बी.व्ही.एस्सी. झाली. आता लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यायची सोडून तिला ॲनिमल वेल्फेअर सायन्समध्ये एम.एस्सी. करायचं आहे. एडिंबरा विद्यापीठात प्राण्यांचं वर्तन आणि कल्याण या विषयाचा असा अभ्यासक्रम 1990 पासून चालू आहे, तिथे. फी मी भरायची असल्यामुळे या वादात मी तिऱ्हाईत नाही. तरी बोललो कमी आणि नंतर आठवेल तसं लिहून काढलं. मध्ये मध्ये माझी मतं घुसली आहेत, ती काढलेली नाहीत.

अण्णा : आधी एक सांग. तिथे शिकवणार काय? गाईवर माया करायला?

धाकटी : मायेकडे तर तिथे जरा संशयानेच बघतात, अण्णा. वर्तनशास्त्र आहे, शरीरक्रिया आहे, संख्याशास्त्र भरपूर आहे, कायदा आणि नीतिशास्त्र आहे, शेवटी स्वतःचं संशोधन. जनावराचं बरं चाललंय की वाईट, हे अंदाजाने न सांगता तपासून कसं सांगायचं, एवढाच विषय.

अण्णा : अंदाज? मी रस्त्यावरून गोठा बघितला तरी सांगतो, कुठली गाय उद्या चारा सोडणार.

धाकटी : तुम्ही सांगाल. पण तुमच्यासारखं सांगणारे किती? ब्रिस्टलच्या लोकांनी ब्रिटनमधल्या पन्नासेक डेअऱ्या निवडल्या आणि मालकांना विचारलं, तुमच्या किती गाई लंगडतात. उत्तरांची सरासरी आली शंभरात सहा. मग शिकलेल्या निरीक्षकाने एकेक गाय चालवून पाहिली. शंभरात बावीस निघाल्या. 2003 साली छापून आलंय हे. आणि हे सगळे पिढीजात गाईवाले.

अण्णा : खोटं बोलले असतील.

धाकटी : खोटं कशाला बोलतील? लंगडी गाय दूध कमी देते, म्हणजे नुकसान त्यांचंच. लंगडी म्हणजे पाय उचलून धरणारी, एवढंच त्यांच्या डोळ्यांत बसलेलं. त्याच्या आधी पाठीची कमान होते, पाऊल आखूड पडतं, पाऊल टाकताना मान खाली-वर होते. ते रोज बघून बघून दिसेनासं होतं.

अण्णा उठले. तिला घेऊन शेजारच्या गोठ्याकडे गेले, मागोमाग मी. पाण्याच्या हौदाकडे एक काळी-पांढरी एचएफ गाय निघाली होती, चौथ्या-पाचव्या वेताची असावी. मागचे पाय फेंगडे टाकत, सावकाश.

अण्णा : ही? लंगडते?

धाकटी : थोडी. पाचात दोन गुण देईन मी.

अण्णा : मागून बघ. कास बघ केवढी आहे. दोन्ही मांड्यांच्या मध्ये मावत नाही, म्हणून पाय बाहेरून टाकते. आता ती वळेल तेव्हा पाठ बघ. सरळ. खुरात काही असतं तर कठीण कोब्यावर आल्याबरोबर पाऊल चोरलं असतं. चोरलं का?

पाऊल चोरलं नव्हतं. गाय हौदाशी गेली, पाणी प्याली, आली तशीच परत गेली.

धाकटी : मग माझे गुण चुकले. म्हणून तर दोन निरीक्षक लागतात, एकमेकांचे आकडे न बघता गुण देणारे. दोघांचं जुळेना झालं की दोष मोजपट्टीत. तुम्ही आणि मी दोनशे गाई अशा बघितल्या, तर माझी नजर सुधारेल. आणि तुमची लिहून राहील.

‘तुमची लिहून राहील’ हे अण्णांना लागलं असावं, कारण परत येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. आमच्याकडे असं ज्ञान त्या माणसाबरोबरच जातं, हे त्यांच्या गुरूंच्या बाबतीत त्यांनी स्वतः पाहिलेलं आहे. पण हार मानायचा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी मुळावरच घाव घातला.

अण्णा : हे शास्त्र निघालं कुठून ते मला ठाऊक आहे. आधी बोंब झाली, मग समिती बसली, मग समितीला पुरावे लागले म्हणून शास्त्र उभं राहिलं. उलटा प्रवास.

धाकटी : बरोबर आहे. 1964 साली रूथ हॅरिसन या बाईंचं ‘ॲनिमल मशिन्स’ आलं. पिंजऱ्यातल्या कोंबड्या, अंधाऱ्या खोक्यातली वासरं. बाई शास्त्रज्ञ नव्हत्या. ओरड एवढी झाली की, सरकारने ब्रँबेल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1965 ला अहवाल. जनावराला निदान उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत, असं त्यात म्हटलं. पुढे ‘पाच स्वातंत्र्यं’ म्हणून जगभर गेलं ते याच वाक्यातून. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते. समितीने शिफारस केली होती की, कोंबड्यांच्या पायाखाली बारीक षट्कोनी जाळी नको, जाड सळयांची हवी. पातळ तार पायात रुतते, असं सगळ्या शहाण्यासुरत्या माणसांना वाटलं. 1973 साली ह्यूज आणि ब्लॅक यांनी कोंबड्यांनाच निवड करायला दिली. कोंबड्या बारीक जाळीवर जाऊन उभ्या राहिल्या. तिच्यावर पायाला जास्त ठिकाणी आधार मिळतो.

अण्णा : म्हणजे समिती तोंडावर आपटली.

धाकटी : दयाळू माणसं तोंडावर आपटली. मला एवढंच म्हणायचंय. चांगल्या मनाने केलेला अंदाजही चुकतो, आणि चुकला हे सांगायची सोय जनावराला करून द्यावी लागते.

अण्णा : आणि जनावर सांगेल ते खरं मानायचं? आता माझं ऐक. लग्नसराईत उरलेला भात आणि पुऱ्या लोक म्हशीपुढे ओततात. म्हैस काय करते? आवडीने खाते. पाटीभर खाते. रात्री पोट तट्ट फुगतं, कोठ्यात आम्ल होतं, सकाळी मान टाकते. सलाईन आणि सोड्याच्या बाटल्या घेऊन मी मांडवामागे किती पहाटे काढल्यात ते विचार गावाला. तुझ्या त्या निवडीच्या खेळात म्हशीने पंगतीच्या भाताला शंभरपैकी शंभर मत दिलं असतं.

माझ्या मते अण्णांचा त्या दिवसातला हा सगळ्यात वजनदार मुद्दा होता. धाकटीलाही ते कळलं असावं, कारण ती हसली नाही.

धाकटी : ऑक्सफर्डला मरियन डॉकिन्स म्हणून बाई आहेत. त्यांनी आयुष्यभर कोंबड्यांवर काम केलं. त्या म्हणतात, प्रश्न दोन विचारायचे. प्राणी धडधाकट आहे का? आणि त्याला जे हवंय ते त्याच्याकडे आहे का? एकाने भागत नाही. तुमचा धंदा पहिल्या प्रश्नाचा. म्हशीचं पोट तुम्हीच वाचवणार. पण गाय धडधाकट आहे, दूध देते, गाभण राहते, म्हणून तिचं बरं चाललंय, असं तुमच्या खात्याने कायम धरून चाललं. दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

अण्णा : दूध देते म्हणजे बरंच चाललंय. आजारी जनावर दूध देत नाही.

धाकटी : आखूड दाव्याला बांधलेली देते की! गाय दिवसाचे दहा-बारा तास बसते, अण्णा. तिला काही तास बसू दिलं नाही आणि खाऊही दिलं नाही, मग दोन्हींची मोकळीक दिली, तर ती आधी बसते. चारा समोर असताना. हे तपासलेलं आहे. आता सांगा, आपल्याकडे गोठा बांधताना शेतकरी गव्हाण किती इंचांची ते विचारतो. बसायची जागा कोरडी आहे का, ते कोण विचारतं?

अण्णा : मुक्त संचार गोठे कुणी आणले मग? ह्या पट्ट्यात निम्म्या लोकांनी दावी सोडली. कोण आलं होतं त्यांना सांगायला एडिंबराहून? शेण काढायला गडी मिळेना, म्हणून सोडली. मग दिसलं की गाय हवी तेव्हा पाणी पिते, माजावर आलेली लगेच ओळखू येते, दूध लिटरभराने वाढतं. एकाचं बघून दुसऱ्याने केलं. गाईचं भलं झालं ते मजुरी वाढली म्हणून.

धाकटी : आणि मजुरी स्वस्त झाली तर परत बांधतील?

याला अण्णांनी उत्तर दिलं नाही. मला विचाराल तर उत्तर ‘हो’ असंच आहे. जे फायद्यापोटी येतं ते फायदा फिरला की जातं. पण हेही खरं की, जे नुसतं चांगुलपणापोटी येतं ते आमच्या भागात येतच नाही. दुधाचा दर पाण्याच्या बाटलीशी स्पर्धा करत असताना कोरड्या बिछान्यासाठी पाचट विकत घ्या, असं शेतकऱ्याला कोण सांगणार?

मग विषय वासरांच्या शिंगांवर गेला. मोठेपणी शिंगं मारू नयेत म्हणून वासरू लहान असतानाच शिंगकळ्या तापल्या लोखंडाने जाळतात. अण्णांनी शेकड्यांनी जाळल्या आहेत.

धाकटी : कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात एक प्रयोग झाला. वासरांना शिकवलं की, पडदा लाल झाला आणि तू जाऊन नाक लावलंस तर दूध मिळेल. पांढरा असताना लावलंस तर काही नाही, वर थोडा वेळ ताटकळावं लागेल. वासरं हे शिकतात. लाल दिसला की धावतात, पांढरा दिसला की थांबतात. मग मधूनच गुलाबी दाखवायचा. फिकट गुलाबी, गडद गुलाबी. याचा अर्थ काय, ते वासराला कुणी शिकवलेलं नाही. त्याने स्वतः ठरवायचं, दूध असेल की नसेल.

अण्णा : बरं.

धाकटी : शिंगकळ्या जाळायच्या आधी आणि नंतर तेच गुलाबी पडदे दाखवले. जाळताना भूल होती. भूल उतरल्यावर, जखम ठणकत असताना, तीच वासरं गुलाबी पडद्याकडे जायची कमी झाली. आधी जिथे त्यांना दुधाची आशा वाटत होती, तिथे आता ‘नसेलच’ असं वाटायला लागलं.

दाढ ठणकत असली की, फोन वाजला तरी वाईट बातमीच असेल असं माणसाला वाटतं, तसंच हे. वासराचं ओरडणं, डोकं झाडणं हे सगळं बघून झालं होतं. पण वासराच्या मनाची उमेद मोजता येते, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. फीचा आकडा तेवढ्यापुरता छोटा वाटला.

अण्णा : जाळल्यावर दुखतं हे कळायला गुलाबी पडदा लागतो?

धाकटी : दुखतं हे तुम्हालाही माहीत होतं. मग नंतर वेदनाशामक देत होतात?

अण्णा : अगं, भुलीच्या लिग्नोकेनची बाटली मिळायची मारामार! वासराला कोण देतंय वेदनाशामक? आणि दिलंच असतं, तर काय दिलं असतं ठाऊक आहे ना? डायक्लोफिनॅक. तेव्हा तेच हातात होतं, स्वस्त होतं, आणि गाईला त्याने आराम पडायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गाईचं दुखणं कमी केलं आणि मेलेली गाय खाऊन देशभरातली गिधाडं संपली. 2006 ला जनावरांसाठी बंदी आली तोवर माळावर एक पक्षी उतरेनासा झाला होता. एका प्राण्याचं वेल्फेअर, दुसऱ्याचा निर्वंश. हे तुझ्या कुठल्या पेपरात बसतं?

धाकटी : नीतिशास्त्राच्या. आणि त्याच्याऐवजीचं मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं, हे तपासूनच कळलं ना? मायेने नाही कळलं. आज मेलॉक्सिकॅम प्रत्येक तालुक्याच्या दुकानात आहे. वासराला तरीही मिळत नाही. का? कारण वासराला नंतर ठणकतं, हे आपण मोजलं नाही, म्हणून कुठल्या परिपत्रकात आलं नाही.

अण्णा : परिपत्रकात येऊन काय होतं गं? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा 1960 चा. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत चहा-भजीसुद्धा होत नाहीत दोघांची.

यावर दोघांचं एकमत झालं, म्हणून तो विषय लगेच संपला. खरी खडाजंगी पुढच्या विषयावर झाली.

अण्णा : तू म्हणतेस दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही. मी विचारतो. एचएफचा गोऱ्हा जन्मला, त्याला काय हवंय? त्याला जगायचंय. मालकाला तो नकोय. नांगराला चालत नाही, गाडीला चालत नाही, वशिंड नाही म्हणून जू बसत नाही, उन्हात धापा टाकतो. ह्या राज्यात गाईची कत्तल 1976 च्या कायद्याने बंदच होती, 2015 ला बैल आणि वळूही त्यात आले. मी त्या कायद्याच्या बाजूने की विरुद्ध, ते सोड. मी गोठ्यात काय होतं ते सांगतो. गोऱ्ह्याला चीक मिळाला तर मिळाला. मग हळूहळू दूध तोडतात. आठ-दहा दिवसांत तो उभा राहत नाही. मला बोलावतात कशाला, तर हगवण लागलीये म्हणून सांगायला. हगवण नसते. भूक असते. नाहीतर एका रात्री कुठल्या तरी देवळापाशी सोडून येतात आणि घरी म्हणतात, देवाला वाहिला. एडिंबरात ह्याचा तास असतो?

धाकटी : असतो. फक्त उदाहरण तिथलं असतं. ब्रिटनमध्ये दुधाळ जातीचे गोऱ्हे जन्मल्या जन्मल्या गोळी घालून मारायची पद्धत कित्येक वर्षं चालली. लोकांना कळलं तेव्हा गहजब झाला.

अण्णा : म्हणजे ते मारतात आणि आपण मरू देतो. आता तुझं शास्त्र सांगू दे, कुठलं बरं?

धाकटी : त्रास कुठे जास्त, ते शास्त्र सांगेल. उपाशी मरणारा गोऱ्हा किती दिवस, कशातून जातो, ते मोजता येतं, आणि ते गोळीपेक्षा कितीतरी वाईट आहे. पण म्हणून गोळी घाला, असं शास्त्र म्हणत नाही. तो निर्णय त्याच्या हातातला नाही. जीव घेणंच पाप, असं समाज म्हणत असेल, तर तो म्हणू शकतो.

अण्णा : मग उपयोग काय त्या शास्त्राचा?

धाकटी : एवढाच की, मग ‘सोडून दिला म्हणजे वाचवला’ असं कुणाला म्हणता येणार नाही.

हे उत्तर मला प्रामाणिक वाटलं आणि अपुरंही वाटलं. अण्णांना फक्त अपुरं वाटलं. त्यांच्या मते असं बोलणारा माणूस शेतकऱ्याच्या दारात उभा राहून त्यालाच आरोपी करतो आणि दुधाचा दर ठरवणारे, कायदा करणारे, गोमातेच्या नावाने वर्गणी गोळा करणारे सगळे मोकळे सुटतात. धाकटीचं म्हणणं, मोजमाप नसेल तर ते आत्ताही मोकळेच आहेत. मी इथे अण्णांच्या बाजूला थोडा जास्त झुकतो. कल्याणाची तपासणी करणारा माणूस गोठ्यापर्यंत पोचतो, मंत्रालयापर्यंत पोचत नाही.

अण्णा : आणि गोऱ्ह्याचा प्रश्न सुटत चाललाय तो कशाने? लिंगवर्गीकृत रेतमात्रेने. शंभरात नव्वद कालवडी. पैदास सुधारली, प्रश्न मिटला.

धाकटी : उरलेल्या दहांचा नाही मिटला.

शर्यतीच्या विषयाला मी हात लावू नये असं ठरवलं होतं, पण आमच्या जिल्ह्यात बैलांबद्दल अर्धा तास बोलणं झालं आणि शर्यत निघाली नाही, असं होत नाही.

अण्णा : खिलार जात टिकली ती शर्यतीच्या जिवावर. ट्रॅक्टर आला तेव्हाच संपायची होती. आज पळणाऱ्या खोंडाला जी किंमत येते, ती बघून पोरं परत बैल पाळायला लागली. 2014 ला सुप्रीम कोर्टाने बंद पाडली तेव्हा बाजारात खोंडं मातीमोल झाली होती.

धाकटी : त्या 2014 च्या निकालात पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतलाय. ब्रँबेल साहेबाचा अहवाल असा फिरत फिरत दिल्लीला आला.

अण्णा : आणि 2023 ला त्याच कोर्टाच्या घटनापीठाने शर्यत चालेल म्हटलं.

धाकटी : राज्याने 2017 ला कायद्यात जी दुरुस्ती केली, ती वैध म्हटली, नियम पाळायच्या अटीवर. पण अण्णा, खिलार टिकली हा जातीचा हिशोब झाला. बैलाच्या त्या दुपारचा हिशोब वेगळा. शेपूट पिरगाळलेल्या, टोचलेल्या बैलाला आपली जात टिकतेय याचं काय समाधान?

अण्णा : टोचणाऱ्याला घाटातून खाली उतरवायचं. मी उतरवलेत.

धाकटी : तुम्ही असताना.

नोकरीचं काय, हा प्रश्न बापाच्या नात्याने मी विचारला. औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या प्राणिगृहांत, प्राणिसंग्रहालयांत, परदेशी बाजारात माल पाठवणाऱ्या अंडी-मांसाच्या उद्योगांत, संस्थांत, असं उत्तर आलं. अंडी ऐकल्यावर अण्णांनी विचारलं की, युरोपने पिंजरे बंद केले म्हणतात, म्हणजे नेमकं काय केलं? 2012 पासून जुने पिंजरे बंद, कोंबडीमागे 550 चौरस सेंटिमीटर होते, तिथे नव्या पिंजऱ्यात 750, असं धाकटी म्हणाली. ‘म्हणजे वहीचं पानसुद्धा वाढवलं नाही,’ अण्णा म्हणाले. त्यात बसायला दांडी आणि अंडं घालायला आडोसा असतो आणि अंडं घालायच्या वेळी आडोशापर्यंत पोचायला कोंबडी जड दार ढकलते, जणू भुकेली दाण्यासाठी ढकलतेय, असं तिने सांगितलं. अण्णांनी ते ऐकून घेतलं, पण पानाचा हिशोब त्यांच्या मनातून गेला नाही. मला तर वाटतं, ह्या विद्येचं यश आणि तिची मर्यादा, दोन्ही त्या 200 चौरस सेंटिमीटरमध्ये मावतात.

चहा झाला. अण्णांनी आता वेगळाच सूर लावला.

अण्णा : समजा गेलीस. शेवटी ते संशोधन करायचं म्हणतेस, ते कशावर करणार? तिथल्या डुकरांवर?

धाकटी : अजून ठरलं नाही. इथे येऊनही करता येईल, मार्गदर्शक मानले तर.

अण्णा : मग ऊसतोडीच्या बैलांवर कर. दिवाळीनंतर बीडकडून टोळ्या येतात, टायरगाड्या भरून कारखान्याला ऊस ओढतात. खांदेसूज बघ त्यांची. फेब्रुवारीत ये आणि बघ. 1965 चे नियम आहेत. दिवसाला नऊ तासांच्या वर जुंपायचं नाही, सलग पाचच्या वर नाही, पारा 37 च्या वर गेला तर दुपारी बारा ते तीन जू ठेवायचं नाही. कारखान्याच्या रस्त्यावर ते नियम कुणाला तोंडपाठ आहेत? वजनकाट्याच्या रांगेत जू मानेवर ठेवून बैल ताटकळतात.

धाकटी : इस्लामपूरजवळच्या अभियांत्रिकी कॉलेजच्या मुलांनी 2022 ला जूखाली फिरतं चाक लावलं होतं ना, भार कमी करायला?

अण्णा : लावलं होतं. इंजिनिअरिंगच्या पोरांनी लावलं, वेल्फेअरच्या नाही, हे लक्षात ठेव. आता तू सांग, त्याने बैलाला बरं वाटतं का?

धाकटी : ह्याचं उत्तर काढता येईल. चाकाच्या गाड्या आणि बिनचाकाच्या गाड्या. एकाच मार्गावर, एकाच वजनाचा ऊस.

अण्णा : बिनचाकाच्या पाहिजे तेवढ्या मिळतील.

धाकटी : खांद्याची सूज मोजायची, चाल बघायची. पण गुण देणाऱ्याला कुठल्या गाडीचा बैल ते कळता कामा नये, नाहीतर नकळत चाकवाल्याला जास्त देईल.

अण्णा : चाक दिसतंच की!

धाकटी : तीच अडचण आहे.

अण्णा : जू उतरल्यावर बघ. गाडी सोडली, बैल खोप्याकडे आणला, मग तुझ्या माणसाला बोलाव. त्याला काय कळणार कुठला कुठल्या गाडीचा? आणि सूज आधी नको बघू. आधी बैल काय करतो ते बघ. दमलेला बैल वैरण पुढे असून बसतो. बरा असेल तर उभ्याने खातो, मग बसून रवंथ करतो. घड्याळ लाव. किती वेळाने बसला, किती वेळाने रवंथ सुरू.

धाकटी : (वहीत लिहीत) आणि दोन्हींच्या मधलं काय मोजायचं?

अण्णा : मान. जू उतरल्यावर मान कशी धरतो ते. ते मी तुला दाखवीन, सांगून कळायचं नाही. पण एक. तुझं घड्याळ चालू असताना गाडीवानाला दुसरी खेप करता येणार नाही. मुकादमाकडून त्याने उचल घेतलेली असते, खेप बुडाली की ती फिटत नाही. त्याचे पैसे कोण देणार? तुझं विद्यापीठ?

धाकटी : अर्जात खर्च म्हणून लिहीन.

अण्णा : किती लिहिशील?

धाकटी : एका खेपेला काय सुटतं त्याला?

अण्णा : ते त्याला विचार. आणि बैलाच्या आधी विचार.